चार घटका खेळाच्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या वाढदिवशी मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा खरे सांगते, मी नाहीच म्हणणार होते. दहा बायकांत बसून गप्पा मारणे निराळे आणि उभे राहून बोलणे निराळे. पण विषय कळला आणि माझा विचार बदलला. रोजच्या त्रासातून जीव हलका कसा करावा, हा तो विषय. याबाबतीत मी काही शिकलेली-सवरलेली नाही. पण त्या त्रासाने मी एकदा पार वाकून गेले होते आणि ज्या उपायाने पुन्हा उभी राहिले तो मला याच मंडळात, याच सतरंजीवर सापडला. तेवढ्या अधिकारावर बोलते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या त्रासाचे वर्णन मी कशाला करू? रांधा, वाढा, उष्टी काढा हे तर जन्माचेच. त्यात हळदीचे दिवस आले की शिजवणे, वाळवणे. सोयाबीन निघाले की त्याची घाई. ज्यांच्या घरी शेत नाही त्यांना नोकरी आहे, दुकान आहे, शिलाईचे यंत्र आहे. मुलांच्या फिया, सासऱ्यांच्या गोळ्या, सोसायटीचा हप्ता. कोणते एक संकट मोठे असते असे नाही. पण लहान लहान खडे पदरात साठत जावेत आणि संध्याकाळी पदर जड व्हावा, तसे होते. मग भाजीत मीठ जास्त पडले एवढ्यावरून आपण लेकरावर कातावतो आणि रात्री त्याच लेकराच्या केसांतून हात फिरवीत जागत पडतो. हल्ली याला सगळ्याजणी टेन्शन म्हणतात. आमच्या सासूबाई म्हणत, जिवाला घोर लागला.

यावर खेळ हा उपाय आहे असे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : खेळायला वेळ कुणाला आहे? आधी कामे तर उरकू द्या! भगिनींनो, याच ठिकाणी आपली चूक होते असे मला वाटते. कामे उरकल्यावर खेळू म्हणणारी बाई जन्मात खेळत नाही, कारण बाईची कामे उरकत नाहीत. आपल्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक होते. त्यांनी कामे संपायची वाट पाहिली नाही. त्यांनी खेळ कामातच मिसळला, आणि जो मिसळता येईना त्याला पंचांगात तिथी नेमून दिली.

जात्याचेच घ्या. मी 1976 साली लग्न होऊन कळमनुरीत आले. तेव्हा आपला गाव परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा व्हायला अजून तेवीस वर्षे होती. गावात पिठाची गिरणी होती, तरी आमच्या घरी डाळी आणि भरडा जात्यावरच होई. सासूबाई पहाटे खुंट्याला हात घालीत आणि दुसऱ्या फेऱ्याला ओवी सुरू होई. माहेरची वाट, भावाचा गाडा, पंढरीचा विठोबा, गेलेले लेकरू. दिवसा ज्या गोष्टी त्या कधी बोलल्या नाहीत त्या सगळ्या मी जात्यावर ऐकल्या. मी समोर बसून खुंट्याला हात लावी. आम्हां दोघींचे फारसे पटत नसे; पण त्या अर्ध्या तासात पटे.

जात्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. हाताला फोड येत, खांदे दुखत. गिरणी आली हे फार चांगले झाले. परंतु दगड घराबाहेर गेला तेव्हा त्याच्याबरोबर ओवीही गेली आणि ती कधी गेली हे कुणाच्या लक्षातही आले नाही. हा ठेवा किती मोठा होता ते पुढे कळले. साने गुरुजींनी ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ हे पुस्तक केले. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी 1980 नंतरच्या काळात खेडोपाडी हिंडून, एक हजाराहून अधिक गावांतल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. एक लाख! आणि त्या रचणाऱ्या बायांतील कितीजणींना अक्षरओळखही नव्हती. त्या स्वतःला कवयित्री समजत नव्हत्या. त्या दळत होत्या, एवढेच.

आपल्याच मुलखातले उदाहरण घ्या. नामदेवांचे गाव म्हणून आपण नरसीला जातो, आणि त्यांच्या घरी राबणारी जनाबाई गंगाखेडची असे परंपरा सांगते. दळण, कांडण, शेण-गोवऱ्या हेच तिचे दिवसभराचे काम. मदतीला माणूस नाही. तर तिने काय केले? विठोबाच जात्याला हात लावतो आहे, असे ती गाऊ लागली. भाविकांनी ते भक्तीने घ्यावे, मीही घेते. पण एक बाई म्हणून मला त्यात आणखीही काही दिसते. जिला सोबत कुणी नव्हते तिने मनाने सोबत निर्माण केली. काम तेच राहिले, एकटेपण गेले.

आता पंचमीचे पाहा. श्रावणात नागपंचमी आली की लेकी माहेरी येणार, लिंबाला दोर बांधून झोके चढणार, हातावर मेंदी रंगणार. मेंदी काढण्यात आपल्या शेजारच्या आपांचा हात जितका हलका तितका कुणाचाच नाही, हे आपण सगळ्या जाणतो. वऱ्हाडात याच धर्तीवर भुलाबाई बसतात, पुण्याकडे भोंडला होतो, कुठे त्याला हादगा म्हणतात. त्यातले कारल्याच्या वेलाचे गाणे आठवा. सून माहेरी जायची परवानगी मागते, आणि तिला सांगतात की आधी कारल्याचे बी पेर, मग वेल येऊ दे, मग फूल, मग कारले, मग भाजी. समोर बसलेल्या सासूच्या तोंडावर हे कोण बोलेल? पण फेर धरून, टाळ्या वाजवून सुना ते गात आणि सासवाही हसत, कारण कधी काळी त्याही तेच गाणे गाऊन गेलेल्या असत. बोलले असते तर भांडण झाले असते. गायले म्हणून खिरापत वाटली गेली.

आणि मंगळागौर. ती काही सगळ्यांच्या घरी नसते. नव्या नवरीने पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी पूजायची. पण तिचे खेळ सगळ्यांचे आहेत. या खेळांची नावे कधी नीट ऐकली आहेत का? तवा फुगडी. जाते फुगडी. लाट्या. सूप नाचवणे. घागर फुंकणे. करवंट्यांचा झिम्मा. भगिनींनो, ही तर आपल्या स्वयंपाकघराची यादी आहे! ज्या सुपाने दिवसभर पाखडले तेच सूप रात्री हातात नाचते. जी घागर कमरेवर आणून कंबर मोडली तीच तोंडाशी धरून फुंकली की घुमते. ज्या वस्तूंनी दिवसा राबवले त्यांनाच रात्री आपल्या तालावर नाचवायचे, ही केवढी युक्ती आहे! मला तर वाटते, या साऱ्या खेळांचे मर्म यातच आहे. ओझे कमी होत नाही. पण घटकाभर ओझ्याचे खेळणे होते, आणि एकदा ते खेळणे झाले की दुसऱ्या दिवशी त्याची तितकी भीती वाटत नाही.

याला आजचे शास्त्रही दुजोरा देते. 2016 साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी एक प्रयोग केला. 39 प्रौढ माणसांना पाऊण तास कागद, मार्कर, माती देऊन वाटेल ते करायला सांगितले. जीव त्रासात असला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य वाढते. ते आधी आणि नंतर लाळेतून मोजले. सुमारे तीन चतुर्थांश लोकांत ते उतरलेले दिसले. प्रयोग लहान होता, आणि काहींच्या बाबतीत उलटेही झाले. पण त्यातील एक गोष्ट आपण पदरी बांधून घ्यावी : ज्यांना चित्रकलेचा सराव होता त्यांना फायदा जास्त आणि ज्यांना नव्हता त्यांना कमी, असे काही आढळले नाही. म्हणजे रांगोळी वाकडी आली तरी गुण तोच!

कारणही समजण्यासारखे आहे. टाका घालताना नजर सुईवर असते, रांगोळीच्या ठिपक्यांत मोजणी असते. तेवढ्यात सोसायटीच्या हप्त्याला मनात शिरायला जागा उरत नाही. गाताना श्वास लांब सुटतो, आणि लांब सुटलेला श्वास छातीतली धडधड शांत करतो. आणि फुगडी? पायाला पाय लावून, हातांची घट्ट पकड करून दोघी मागे झुकतात. एकटी इतकी झुकली तर पाठीवर पडेल. समोरचीचा भार आपल्याला आणि आपला भार तिला. म्हणून दोघीही उभ्या राहतात.

आता माझे सांगते.

आमच्या घरचे माणूस गेले, त्याला आता बरीच वर्षे झाली. मुले शिकत होती. शेताचे कागद, कर्जाचे आकडे, कुणाचे देणे, कुणाचे घेणे, यांतले मला काही माहीत नव्हते. दिवसभर मी धीराची असे. रात्री दीडला जाग येई ती सकाळपर्यंत. डोके ठणके. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला आणि गोळी लावून दिली; ती गोळी मी आजही घेते. लोक म्हणत, बाई खंबीर आहे. माझे मलाच ठाऊक होते.

पण कर्जाहूनही एक गोष्ट मला जास्त लागली. पूर्वी आमच्या आळीत मंगळागौर कुणाचीही असो, पिंगा घालायला मी पहिली असे. आता मी भिंतीशी बसू लागले. मला कुणी तिथे बसवले नव्हते. कुणी काही बोललेही नव्हते. पण माझी जागा आता तिथे, हे न बोलता सगळ्यांना ठाऊक होते आणि मलाही. चहा करावा, पाने लावावीत, खेळणाऱ्या पोरींची बाळे सांभाळावीत. तीन श्रावण मी असे काढले. ज्या बाईला दुःख सर्वांत जास्त, तिलाच खेळातून उठवायचे, यात काय न्याय आहे, असा विचार तेव्हा माझ्या मनातही आला नाही. इतके ते अंगवळणी पडलेले असते.

चौथ्या श्रावणात याच मंडळातर्फे खेळांचा कार्यक्रम होता. एक नवी सून, आपल्या गावात येऊन तिला वर्षही झाले नव्हते, दोन वेळा पिंग्याचा ठेका चुकली. मला राहवले नाही. मी भिंतीशी बसूनच टाळीने ठेका दिला. ती थांबली, सरळ माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “काकू, तिकडून कशाला? इकडे या ना.” आणि तिने हात पुढे केला.

तिला माहीत नव्हते असे नव्हे. माझे कपाळ तिला दिसतच होते. खोली क्षणभर गप्प झाली. कोपऱ्यातून कुणीतरी काही पुटपुटलेही. तेवढ्यात माझी मोठी जाऊ, जी रीतिभातीची सर्वांत कडक, ती जागेवरून उठली, पदर खोचला आणि मला म्हणाली, “ऊठ गं, दुसरी फुगडी आपली.” बोट धरून नेल्यासारखी मी गेले. गुडघे दुखत होते. चार फेऱ्यांतच धाप लागली. पण गरगरत असताना भिंत, दार, दिवे सगळे एक झाले आणि मला समोर फक्त तिचे तोंड दिसत होते. ती रडत होती आणि हसत होती. मीही तेच करीत असले पाहिजे.

त्या रात्री कर्जाचा आकडा एका पैशाने कमी झाला नाही. पण मी सकाळपर्यंत झोपले. आणि दुसऱ्या दिवशी शेताचे कागद घेऊन त्याच नव्या सुनेकडे गेले, कारण ती बी. कॉम. झालेली होती, आणि आता तिच्याकडे जायला मला लाज वाटत नव्हती. खेळाचे खरे काम मला त्या दिवशी समजले. खेळ प्रश्न सोडवीत नाही. पण ज्यांच्या मदतीने प्रश्न सुटेल त्या माणसांजवळ तो आपल्याला नेऊन बसवतो.

पुढे मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे अशा चाली गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. वर्तमानपत्रात वाचले तेव्हा मला आमची जाऊबाई आठवली. तिने ठराव केला नव्हता. तिने फक्त पदर खोचला होता. ठरावही हवेत आणि पदर खोचणाऱ्या जावाही हव्यात.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे मला कर्तव्य वाटते. खेळ म्हणजे सोसण्याचे औषध नव्हे. घरात मारझोड असेल, व्यसनाने घर बुडत असेल, तर तिला फुगडी खेळून विसर असे मी कधीही म्हणणार नाही; तिच्यासाठी 181 हा महिलांचा दूरध्वनी क्रमांक आहे, आणि तिच्या पाठीशी उभे राहणे हे मंडळाचे काम आहे. तसेच आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ते दुखणे आहे. दुखण्याला डॉक्टर लागतो. 2022 सालापासून शासनाची टेलीमानस ही सेवा सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, पैसे न लागता, बोलता येते. यात लाज कसली? गुडघा दुखला की आपण दाखवतोच ना!

दुसरी गोष्ट स्पर्धांची. हल्ली मंगळागौरीचे संघ निघाले आहेत. एकसारखी लुगडी, व्यासपीठ, बक्षिसे. त्यामुळे विसरत चाललेले खेळ टिकले, हे मी मानते. परंतु तालमीत एक पाऊल चुकले म्हणून एखादी रडत घरी जाऊ लागली तर खेळाचेही काम झाले! मोबाइलचेही असेच. दुसरीने काढलेली रांगोळी बोटाने सरकवीत तासभर पाहिली तर डोळे दमतात. आपण स्वतः चार ठिपक्यांची काढली तर जीव निवतो. पाहणे निराळे, करणे निराळे.

म्हणून वर्धापनदिनाच्या निमित्ताने मंडळापुढे माझे एवढेच मागणे आहे. दर गुरुवारी दुपारी तीन ते चार ही वेळ खेळाची ठेवावी. त्या तासात भाषण नाही, हिशेब नाही, वर्गणी नाही. जिला फुगडी घालायची तिने घालावी. जिचे गुडघे माझ्यासारखे असतील तिने बसून सागरगोटे खेळावेत. मध्ये एक मोठी वाकळ पसरून ठेवावी. प्रत्येकीने घरून जुन्या लुगड्याचा एक तुकडा आणावा आणि येता-जाता चार टाके घालावेत. तांड्यावरच्या बहिणींना मुद्दाम बोलवावे. आरशा-कवड्यांचे त्यांचे टाके आपल्याला शिकायचे आहेत. बक्षीस नाही, फोटो नाही. आणि कोण सवाष्ण, कोण नाही, ही विचारणा दारातही नाही आणि मनातही नाही.

सासवांना माझी हात जोडून विनंती आहे. गुरुवारी तीन वाजता सुनेला घड्याळ दाखवू नका, तिच्याबरोबर चला. सुनांनाही सांगते, सासूबाई नको म्हणाल्या तरी एकदा आग्रह करा. त्या नको म्हणतात ती सवय असते. मनातून त्यांनाही कुणी हात पुढे करावा असे वाटत असते. मी भिंतीशी बसलेली होते, म्हणून हे खात्रीने सांगू शकते.

माझी जाऊबाई आता या जगात नाही. तिच्या दोन लुगड्यांचे तुकडे मी आज पिशवीतून आणले आहेत. वाकळीची सुरुवात त्यांनी करू या. सुई-दोरा मी आणला आहे. दोरा ओवायला मात्र कुणीतरी तरुण डोळ्यांची पुढे या.